विज्ञानवेड्या मुलीची गोष्ट शोधताना : सांगलीतील एका बालपुस्तकांच्या दुकानाविषयी

विश्रामबागेतील या छोटेखानी दुकानात गेल्या रविवारी अकरा वर्षांच्या भाचीला घेऊन गेलो होतो. जिच्यात मुलगी स्वतः प्रयोग करते अशी गोष्ट हवी, ही तिची मागणी. येथे पुस्तके मोकळेपणाने हाताळू देतात आणि चटईवर बसून चार पाने वाचली तरी कोणी हटकत नाही, याची दाद आधी द्यायला हवी.

मांडणी मात्र खटकली. ‘विज्ञान’ आणि ‘मुलींसाठी’ अशा पाट्यांची दोन फडताळे समोरासमोर आहेत. दुसऱ्यात पऱ्या आणि रुसवेफुगवेच अधिक. दोन्हींतून सहा पुस्तके काढली. त्यांपैकी चार गोष्टींत मुलगी केवळ ‘असं का होतं?’ एवढे विचारते आणि उत्तर मामा किंवा थोरला भाऊ देतो (मीही मामाच असल्याने हे जरा झोंबले). पाचव्या गोष्टीतली मुलगी जाड भिंगांच्या चष्म्याची, एकलकोंडी आणि कधीही न चुकणारी.

सहावे पुस्तक जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनी यांचे गोष्टीरूप चरित्र होते. १९३३ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांनी केवळ स्त्री म्हणून त्यांना प्रवेश नाकारला, हा प्रसंग चार पाने रंगवला आहे. परंतु केंब्रिजमध्ये बटाट्यावर काम करताना वनस्पतींच्या पेशींत श्वसनासाठी लागणारे सायटोक्रोम सी हे प्रथिन असल्याचे त्यांनी दाखवले आणि १९३९ साली पीएच.डी. मिळवली, हे एका ओळीत उरकले आहे. “पण बटाट्यात ते शोधलं कसं?” या भाचीच्या प्रश्नाला पुस्तकात उत्तर नव्हते आणि मामाकडेही नव्हते.

हवे ते पुस्तक अखेर सवलतीच्या टोपलीत सापडले. त्यातली मुलगी कापलेल्या बाटलीत पाऊस मोजते, आकडा अवाच्या सवा येतो, आणि बाटली वळचणीखाली ठेवल्याने पागोळ्यांचे पाणीही त्यात पडत होते, हे तिला तिसऱ्या दिवशी उमगते. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळची पुराची ४० फुटांची इशारा पातळी आणि ४५ फुटांची धोका पातळी तोंडपाठ असणाऱ्या सांगलीच्या पोरीला हे वेगळे समजावून सांगावे लागले नाही.

ही एकच प्रत उरली होती. “खपत नाही, म्हणून पुन्हा मागवत नाही,” असे मालक म्हणाले. ती टोपली गल्ल्यामागे, छत्र्यांच्या स्टँडला टेकवून ठेवलेली असते.