अळंबीचे फोटो: मोबाईलवर भागेल की मॅक्रो लेन्स घ्यावी?

पाऊस लागला की कोल्हापुरातनं गगनबावडा, आंबा, राधानगरीकडं गाड्या सुटतात आणि दरवर्षी कुणीतरी विचारतंच, रंगीत अळंबीसाठी मॅक्रो लेन्स, म्हणजे बारीक वस्तू अगदी जवळून टिपणारी कॅमेऱ्याची लेन्स, घेऊ का. मी दोन्ही वापरतो, म्हणून सरळ सांगतो, ओळख पटवायची असेल तर मोबाईल, भिंतीवर लावायचा फोटो हवा असेल तर कॅमेरा.

नुसत्या वरच्या रंगावर जाऊ नका, पावसात तो धुपतो, अळंबी जुनी झाली की बदलतो. बघायचं असतं छत्रीच्या खाली, गिल्स म्हणजे पातळ पापुद्र्यांच्या रेघा आहेत की छिद्रं, देठाला कडं आहे का, बुडाशी फुगलाय का. आता अभयारण्यात तर काडीसुद्धा उपटायची नाही, मग दोन इंचाच्या छत्रीखाली एवढा मोठा कॅमेरा घालणार कसा? मोबाईल जमिनीवर आडवा ठेवायचा, सेल्फी कॅमेरा वर, टायमर लावायचा, झालं. मायक्रोपोरस झँथोपस म्हणून एक आहे, कुजक्या फांदीवर तपकिरी पट्ट्यांचं नरसाळं नि पिवळा देठ, त्याच्या खालची सुईनं टोचल्यासारखी छिद्रं फोटोत आली की शंकाच राहत नाही. लोकेशनही आपोआप पडतं, आयनॅचरलिस्टवर, म्हणजे निसर्गातल्या नोंदी टाकायच्या ॲपवर, टाकायला बरं.

पण कुकीना नावाची वाटीसारखी अळंबी दिसली की मला कॅमेराच लागतो. बोटाच्या पेराएवढी गुलाबी-केशरी वाटी, काही जातींत काठाला बारीक केसांची झालर, आत पावसाचं पाणी, मोबाईल तो रंग उगाच भडक करतो आणि केस पुसून टाकतो. १०० एमएमच्या मॅक्रोत केस न् केस मोजता येतो. त्रास एवढाच की जवळून फोकस लै पातळ, पुढची कड धरली की मागची गेली, जास्त भाग स्पष्ट यावा म्हणून लेन्सचं तोंड बारीक करून एफ ११ लावावं तर झाडीखाली उजेड नाही, म्हणजे ट्रायपॉड आलाच, आणि तोवर पायावर जळवा चढलेल्या असतात. झाडीतल्या हिरव्या उजेडात दोन्हीचा रंग बिघडतो, शेजारी पांढरा कागद धरून एक फोटो काढून ठेवा, घरी रंग जुळवता येतो.

आणि बीजाणूंचा, म्हणजे अळंबीच्या बियांसारख्या बारीक भुकटीचा, रंग दोन्हीत नीट कळत नाही. आपल्याच परड्यातली छत्री कापून गिल्स खाली करून कागदावर ठेवा, वर वाटी झाका, रात्रभर. ठसा हिरवट उमटला तर क्लोरोफायलम मॉलिब्डायटीस, हिरवळीवर येणारी, दिसायला खायच्या अळंबीसारखी आणि विषारी. फोटो किंवा ॲपच्या भरवशावर कुठलीच अळंबी खाऊ नका, हात जोडून सांगतो.

नवीन असाल तर हा पावसाळा मोबाईलवरच काढा. पुढच्या पावसाळ्यातही त्या वाटीचे केस दिसत नाहीत म्हणून जीव तळमळला, तर बिनधास्त लेन्स घ्या.