एप्रिलमधल्या घसरणीचं मोजमाप: बेसबॉल सॅव्हंट

संघ सुरुवातीलाच हरायला लागला की ‘याला बसवा, त्याला काढा’ असा धोशा सुरू होतो. 2019 मध्ये वॉशिंग्टन नॅशनल्स 50 सामन्यांनंतर 19 विजय, 31 पराभव अशा स्थितीत होते, आणि वर्ल्ड सिरीज, म्हणजे मोसमाचं अंतिम विजेतेपद, त्यांनीच जिंकली! म्हणून आधी मेजर लीगच्या (अमेरिकेतल्या अव्वल बेसबॉल लीगच्या) बेसबॉल सॅव्हंट या मोफत साइटवर बॅटरचं पान उघडा. फलंदाजीची सरासरी .190 इतकी खराब असली, तरी ताशी 95 मैल किंवा जास्त वेगाने मारलेल्या चेंडूंचं प्रमाण गेल्या मोसमाइतकंच असेल, तर बहुधा नशीब आड येतंय; थांबा. स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद होणं) वाढले असतील तर मात्र काळजी खरी. एक खोट आहे: साइटवरच्या ‘अपेक्षित’ आकड्यांत (चेंडू कसा मारला यावरून काय निकाल लागायला हवा होता, याचा अंदाज) चेंडूची दिशा धरत नाहीत, त्यामुळे मैदानाच्या कडेच्या फाउल लाइनजवळ ओढून होमरन मारणाऱ्यांवर अन्याय होतो.