पोर्शे ९४४ की माझ्दा आरएक्स-७ एफसी: जुनी कूपे उभी करायचीय, कुठली घेऊ?

लांबून बघितलं तर दोघी सख्ख्या बहिणी वाटतात. दोन्ही ८० च्या दशकातल्या, हेडलाइट बॉनेटमधून वर येणारे, मागे मोठी काचेची हॅच, इंजिन पुढे आणि ताकद मागच्या चाकांना, वजन पुढे-मागे जवळजवळ निम्मं निम्मं. ९४४ आली १९८२ ला आणि १९९१ पर्यंत बनत होती, एफसी १९८५ ते १९९२. म्हणून पहिल्यांदा जुनी स्पोर्ट्स कूपे घ्यायची म्हटलं की माणूस या दोघींत अडकतो. माझ्याकडे सात वर्षं ९४४ आहे आणि जवळच्या मित्राच्या एफसीचं इंजिन आम्ही दोघांनी मिळून दोनदा उघडलंय, त्यामुळे जीव दोन्हींवर आहे. पण दोघींची दुखणी एकदम वेगळी, आणि निवड करायची ती दुखण्यावरून, फोटोवरून नाही.

९४४ चं दुखणं कॅलेंडरवर चालतं. साध्या मॉडेलला २.५ लिटरचं चार सिलिंडर इंजिन, आठ व्हॉल्व्ह. एवढे मोठे चार पिस्टन म्हणजे थरथर आलीच, ती मारायला दोन बॅलन्स शाफ्ट दिलेत, ते इंजिनच्या दुप्पट वेगाने फिरतात आणि त्यांचा बेल्ट टायमिंग बेल्टपेक्षा वेगळा. टायमिंग बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून वाकतात आणि हेड उतरवावंच लागतं. साधारण चार वर्षांनी बेल्ट बदलायचा, गाडी चालो न चालो, कारण रबर नुसतं उभ्या उभ्याही कडक होतं. वॉटर पंपसुद्धा त्याच बेल्टवर फिरतो म्हणून एवढं उघडलंच आहे तर तोही बदलून टाकायचा.

मी गाडी घेतली तेव्हा "बेल्ट नुकताच केलाय" असं सांगितलं होतं, बिल मात्र नव्हतं. घरी आणून कव्हर काढलं तर बेल्टच्या पाठीवर काचेसारखी चमक आणि दातांच्या मुळाशी केसाएवढ्या चिरा, नखाने दाबलं की तोंड उघडायच्या. तीच गाडी मी हायवेवरून चालवत आणली होती, आठवलं की अजून पोटात गोळा येतो. तेव्हापासून माझा नियम असा की बिल नाही म्हणजे बेल्ट झालेला नाही.

दुसरी गोष्ट क्लच. ९४४ चा गिअरबॉक्स मागच्या चाकांपाशी आहे आणि इंजिनपासून तिथपर्यंत टॉर्क ट्यूब (ताकद मागे नेणाऱ्या शाफ्टची नळी) जाते, वळणावर जो तोल मिळतो तो याच्यामुळेच, पण क्लच प्लेट बदलायची तर एक्झॉस्ट सोडा, गिअरबॉक्स उतरवा, मग ट्यूब मागे सरकवा, तेव्हा कुठे हात पोचतो. ज्या मूळ प्लेटच्या मधे रबर असतं ते फाटलं की गाडी जागेवरच थांबते. बाकी किरकोळ त्रास खूप, त्यातला एक लक्षात ठेवा, डीएमई रिले, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला आणि पेट्रोल पंपाला वीज देणारा स्विच. आतली सोल्डरिंग तडकते आणि गाडी अचानक स्टार्टच होत नाही, एक नवा रिले कायम ग्लव्ह बॉक्समध्ये ठेवायचा.

आता आरएक्स-७. हिचं इंजिन रोटरी. हिच्यात टायमिंग बेल्ट नाही, व्हॉल्व्ह नाहीत, पिस्टनच नाहीत, दोन तिकोनी रोटर आणि प्रत्येकाच्या तीन टोकांना अपेक्स सील, म्हणजे गॅस अडवणाऱ्या पट्ट्या. १३०८ सीसीचं छोटंसं इंजिन पण फिरायला असं मोकळं की लाल रेषेपर्यंत कधी गेलं कळत नाही. ही गाडी तारीख बघत नाही, उष्णता बघते. रोटरची हाउसिंग (रोटर ज्यात फिरतो ते कवच) ॲल्युमिनियमची आणि मधल्या प्लेट्स बिडाच्या, दोन्ही धातू गरम झाल्यावर सारखे फुगत नाहीत, मधे असतात ती पाण्याची सील. एकदा ओव्हरहीट झालं की ती जातात. मग सकाळी पहिल्या स्टार्टला पांढरा धूर, कूलंट रोज थोडं थोडं कमी, आणि रेडिएटरचं झाकण काढून इंजिन चालवलं तर बुडबुडे. मित्राच्या गाडीत पहिल्यांदा अगदी हेच झालं होतं, जुन्या रेडिएटरची प्लास्टिकची टाकी तडकली आणि काटा वर जाईपर्यंत उशीर झाला. म्हणून एफसी घेतली की पहिलं काम नवा रेडिएटर, सगळे होज आणि थर्मोस्टॅट, रंग-पॉलिश सगळं नंतर. त्याच दिवशी फ्युएल रेलवरचा (इंजेक्टरना पेट्रोल देणाऱ्या नळीवरचा) पल्सेशन डॅम्पर, म्हणजे पेट्रोलच्या दाबाचे झटके शोषणारा भाग, तोही बघा, तो जुना झाला की पेट्रोल गळतं आणि खाली गरम इंजिन, आग लागू शकते.

ऑइल ती पिते, तसंच डिझाइन आहे, सील ओली ठेवायला पंपच ऑइल आत सोडतो. दर दुसऱ्या टाकीला डिपस्टिक बघायची सवय नसेल तर ही गाडी घेऊ नका, मनापासून सांगतो.

पण एक गोष्ट लोक सांगत नाहीत. रोटरी इंजिन उघडायला भीती वाटते तेवढं अवघड नाही. भाग कमी, लांब बोल्ट काढले की सँडविचसारखे थर एकेक करून निघतात. दुसऱ्या वेळी आम्ही प्रत्येक सील नंबर टाकलेल्या पाकिटात ठेवलं, हाउसिंगच्या आतल्या क्रोमवरून बोट फिरवलं तर कडेला खरखर लागली, तिथेच कळलं की हे हाउसिंग परत वापरता येणार नाही. खर्च कामात होत नाही, त्या हाउसिंगमध्ये होतो.

गंजाच्या बाबतीत ९४४ सरळ पुढे, बॉडी गॅल्वनाइज्ड आहे, तरी बॅटरीचा ट्रे आणि दाराखालची पट्टी (सिल) बघाच. एफसीची मागची चाकांची कमान आतून चाचपा. डॅशबोर्ड ९४४ चा तडकतोच, एफसीचं आतलं प्लास्टिक हातात येतं. टर्बो दोन्हींत मिळते, पहिल्या गाडीला नको.

ज्याला गाडी चालवत चालवत सुधारायचीय त्याने साधी आठ व्हॉल्व्हवाली ९४४ घ्यावी. ज्याच्याकडे दुसरी गाडी आहे, जागा आहे आणि इंजिन टेबलावर मांडायची खरी हौस आहे, त्याने एफसी घ्यावी, आणि इंजिन बांधायचंच आहे असं धरूनच भाव करावा.

बघायला जाल तेव्हा आधी बॉनेटवर हात ठेवा, गरम लागलं तर दुसऱ्या दिवशी या. एफसी थंड स्टार्ट करून अर्धा तास चालवा, बंद करा, दहा मिनिटं थांबून परत स्टार्ट करा. कॉम्प्रेशन गेलेली रोटरी थंड असताना चालू होते, गरम झाल्यावर नुसती फिरत राहते. शंका आली तर रोटरीच्याच टेस्टरने कॉम्प्रेशन मोजून घ्या, साधा गेज रोटरच्या तीन बाजूंचं वेगवेगळं दाखवत नाही.