टीव्हीचा आवाज कानापर्यंत: वायर की ब्लूटूथ?

उन्हाळ्यात कूलर सुरू झाला की आबाजींना बातम्या ऐकू येत नाहीत. आवाज वाढवला तर साऱ्या घराला त्रास. टीव्हीमागे ३.५ मिमीचा हेडफोन जॅक असेल, तर आधी वायरच लावून पाहा.

वायर
हेडफोनची एक्स्टेन्शन वायर भिंतीच्या कडेने न्या, मधून नेली तर पाय अडकतो. आवाज मागे पडत नाही, चार्जिंगची कटकट नाही. मात्र बऱ्याच टीव्हींत पिन घालताच स्पीकर बंद होतो. दोन्ही चालू ठेवायची सोय सेटिंगमध्ये आहे का बघा. श्रवणयंत्रात टी-कॉइल (चुंबकीय लहरींतून आवाज पकडणारी छोटी कॉइल) असेल तर याच जॅकला नेकलूप, म्हणजे तिच्यापर्यंत आवाज पोहोचवणारी गळ्यातली वायर, जोडून यंत्र 'टी'वर ठेवा. घुंऽऽ असा आवाज आला तर कूलरची मोटर किंवा इन्व्हर्टर जवळ असेल, खुर्ची हलवा. आवाज बारीक वाटला तर मध्ये छोटा अॅम्प्लिफायर लागेल.

ब्लूटूथ
टीव्हीत ब्लूटूथ नसेल तर आवाज ब्लूटूथने पाठवणारा ट्रान्समीटर घ्यावा लागतो. कोडेक म्हणजे ब्लूटूथवर आवाज दाबून पाठवायची पद्धत. साध्या एसबीसी कोडेकवर ओठ आधी हलतात, शब्द नंतर येतात. लो लेटन्सी (कमी उशीर) हवी तर त्यासाठीचा एकच कोडेक ट्रान्समीटर आणि हेडफोन, दोन्हींत हवा. ट्रान्समीटर ऑप्टिकल केबलने जोडलात तर टीव्हीचं ऑडिओ आउटपुट पीसीएम (साधा, न दाबलेला आवाज) करा. डॉल्बीवर राहिलं की बहुतेक ट्रान्समीटर मुके.

श्रवणयंत्र मोबाइलला जोडलं जातं म्हणून टीव्हीलाही जोडलं जाईल, असं नाही. बहुधा त्याच कंपनीचा टीव्ही स्ट्रीमर (टीव्हीचा आवाज यंत्राला पाठवणारं उपकरण) लागतो, म्हणून यंत्राचं मॉडेल विचारूनच खरेदी करा.