‘हे केलं नाही तर वॉरंटी जाईल’: सर्व्हिस सेंटरमधील फसवणुकीचा अनुभव

गाडीच्या सर्व्हिसिंगच्या वेळी ठरलेल्या कामांखेरीज जी जादा कामे सुचवली जातात, त्यांपैकी कोणती खरोखर गरजेची असतात आणि कोणती केवळ बिल फुगवण्यासाठी असतात, हे इतरांना ओळखता यावे म्हणून पुण्यातील एका अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये आलेला अनुभव तपशिलाने लिहीत आहे. सेंटरचे नाव देत नाही, कारण तक्रार अजून मिटलेली नाही. शिवाय परिचितांनी दाखवलेली बिले पाहिल्यावर हा प्रकार एकाच ठिकाणी चालतो असे मला वाटत नाही.

आमची गाडी म्हणजे पेट्रोलवर चालणारी लहान हॅचबॅक. ती २८,००० किलोमीटर चाललेली होती, खरेदीला दोन वर्षे उलटली होती आणि वॉरंटी चालू होती. सकाळी गाडी ताब्यात घेताना सर्व्हिस अ‍ॅडव्हायझरने इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, एअर फिल्टरची सफाई, वॉशिंग आणि मजुरी मिळून ५,६०० रुपयांचा अंदाज जॉबकार्डवर लिहून दिला. दुपारी, मी कार्यालयात मीटिंगमध्ये असताना, त्याचा फोन आला. “मॅडम, गाडी रॅम्पवर घेतलीय. इंजिनमध्ये कार्बन खूप जमलाय. डीकार्बनायझिंग आणि इंजेक्टर क्लीनिंग करावंच लागेल. नाही केलं आणि उद्या इंजिनचं काही निघालं, तर ते वॉरंटीत बसणार नाही.” त्याला जोडूनच एसीची सफाई, एसीचा फिल्टर, गाडीच्या खालच्या बाजूला गंजरोधक कोटिंग आणि पुढचे ब्रेक पॅड अशी यादी त्याने वाचून दाखवली. ब्रेक पॅड बदलण्याआधी मला जुने पॅड डोळ्यांनी पाहायचे आहेत असे मी सांगताच, “मग पुढच्या वेळी बघू,” असे म्हणून त्याने तो विषय लगेच सोडला. वॉरंटीचे कारण दिल्यामुळे बाकीच्या कामांना मी होकार दिला. संध्याकाळी हातात पडलेले बिल १४,४८० रुपयांचे होते. त्यात डीकार्बनायझिंगचे १,८५०, इंजेक्टरचे १,४५०, एसी सफाईचे १,२००, एसी फिल्टरचे ४८० आणि कोटिंगचे ३,९०० रुपये होते.

घरी येताना एसी लावला, तर सकाळी येत होता तोच कुबट वास येत होता. या गाडीत एसीचा फिल्टर डॅशबोर्डच्या खणामागे असतो. खणाच्या दोन्ही बाजू आत दाबल्या की तो खाली झुकतो, आणि मागचे प्लास्टिकचे झाकण काढले की फिल्टर ओढून बाहेर घेता येतो; त्याला पाना किंवा स्क्रू ड्रायव्हर लागत नाही. मी तो बाहेर काढला. त्याच्या घड्यांमध्ये धुळीचा करडा थर होता, कडुनिंबाची सुकलेली पाने अडकलेली होती, आणि मधली घडी ओल लागून काळी पडलेली होती. ज्याचे ४८० रुपये त्याच दिवशी मोजले होते, तो ‘नवा’ फिल्टर हाच. मी बिल शेजारी ठेवून त्याची छायाचित्रे काढली. पुढे तक्रारीत सर्वांत जास्त उपयोग त्यांचाच झाला.

या एका गोष्टीमुळे बाकीच्या कामांची खातरजमा करणे भाग पडले. गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत देखभालीचे वेळापत्रक असते. किती किलोमीटरला किंवा किती महिन्यांनी काय तपासायचे आणि काय बदलायचे, हे त्यात रकान्यांत छापलेले असते, आणि किलोमीटर व महिने यांपैकी जे आधी भरेल ते धरायचे असते. आमच्या पुस्तिकेत वॉरंटीची अट म्हणून हेच वेळापत्रक पाळायला सांगितले आहे. डीकार्बनायझिंग, इंजेक्टर क्लीनिंग किंवा कोटिंग यांचा त्यात कोठेही उल्लेख नाही. म्हणजे ज्या वॉरंटीची भीती घालून ही कामे माझ्या गळी उतरवली, तिचा या कामांशी काडीचाही संबंध नव्हता. माझ्या मते खरी फसवणूक ती हीच. फिल्टर बदलायचा राहून गेला असे एखादा म्हणू शकेल, पण फोनवर उच्चारलेले ते वाक्य चुकून निघालेले नव्हते.

कार्बनबद्दल थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक आहे, कारण आजकाल जवळजवळ प्रत्येक सर्व्हिसिंगला हे काम सुचवले जाते. बहुतेक लहान पेट्रोल गाड्यांमध्ये इंजेक्टर पेट्रोलचा फवारा इनटेक व्हॉल्व्हच्या अलीकडे, हवा आत जाण्याच्या वाटेवर मारतो. त्यामुळे व्हॉल्व्हची मागची बाजू पेट्रोलने आपोआप धुतली जाते. ज्या इंजिनांत पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये सोडले जाते, त्यांत हे धुणे होत नाही आणि व्हॉल्व्हवर थर साचण्याची अडचण खरोखर उद्भवते. आपले इंजिन यांपैकी कोणत्या प्रकारचे आहे, हा पहिला प्रश्न. दुसरा प्रश्न लक्षणांचा. गाडी उभी असताना इंजिन थरथरते का, पिकअप किंवा मायलेज घटले आहे का, डॅशबोर्डवर इंजिनचा दिवा लागतो का? आमच्या गाडीत यांतले काहीही नव्हते. तिसरा प्रश्न मी अ‍ॅडव्हायझरला नंतर समोरासमोर विचारला: कार्बन दिसला कसा? आतला थर पाहायचा तर निदान स्पार्क प्लग काढून बारीक कॅमेरा आत घालावा लागतो. जॉबकार्डवर प्लग काढल्याची नोंद नव्हती, आणि छायाचित्रही दाखवता आले नाही. “अठ्ठावीस हजाराला सगळ्यांचाच असतो,” एवढेच उत्तर मिळाले.

कोटिंग पाहण्यासाठी मी गाडी आमच्या भागातील एका जुन्या गॅरेजमध्ये नेली. तेथील मिस्त्रींनी ती रॅम्पवर उचलून बॅटरीच्या उजेडात दाखवली. काळे कोटिंग फक्त चाकांच्या आतल्या कमानींवर आणि कडेच्या पट्टीवर होते. मधला सगळा तळ कोरडा होता. जेथे मारले होते, तेथे खालची माती धुतलेलीसुद्धा नव्हती. बोटाने खरवडल्यावर कोटिंग मातीसकट निघून आले. त्याहून वाईट म्हणजे दरवाजांखालच्या पोकळ पट्टीतून पाणी निथळावे म्हणून कारखान्यातून ठेवलेली छिद्रे त्या कोटिंगने बुजली होती. पाणी आत अडकून तेथे आतूनच गंज धरला असता, म्हणजे गंज रोखण्यासाठी पैसे देऊन गंजाचीच सोय झाली होती. मिस्त्रींनी ती छिद्रे एकेक करून मोकळी केली. कोटिंग हे काम मुळातच निरुपयोगी आहे असे माझे म्हणणे नाही. रत्नागिरी, वेंगुर्ले किंवा गोव्याच्या किनाऱ्यावर खाऱ्या हवेत वर्षभर राहणाऱ्या गाडीला, तळ धुऊन पूर्ण वाळवून, छिद्रे झाकून ठेवून केलेले कोटिंग उपयोगी पडते. पुण्यात बंद पार्किंगमध्ये उभ्या राहणाऱ्या दोन वर्षांच्या गाडीला त्याची निकड नव्हती.

त्याच वेळी मिस्त्रींनी पुढचे चाक काढून ब्रेक पॅड मोजले. नव्या पॅडवरील घर्षणाचा थर साधारण १० मिलिमीटर असतो आणि तो ३ मिलिमीटरच्या आसपास आला की पॅड बदलतात. आमच्या पॅडवर ७ मिलिमीटर शिल्लक होते. पॅड घासले आहेत असे कोणी सांगितले, तर आकडा विचारावा. ज्याने खरोखर मोजले असेल, त्याला तो सांगायला अडचण पडत नाही.

मला सर्वांत जास्त राग आला तो यापुढच्या गोष्टीचा. पुस्तिकेनुसार दोन वर्षांनी ब्रेक ऑइल बदलायचे होते, आणि एवढ्या लांबलचक यादीत नेमके तेच नव्हते. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते आणि त्यामुळे त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो. डॉट ३ प्रतीच्या ताज्या ऑइलसाठी तो किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो. ओलावा शोषलेल्या ऑइलसाठी हीच मर्यादा १४० अंश आहे. वरंधा किंवा आंबा घाट उतरताना सतत ब्रेक दाबून पॅड आणि डिस्क तापल्या, तर असे जुने ऑइल उकळून त्यात वाफेचे बुडबुडे होऊ शकतात, आणि मग पॅडल दाबले तरी ते नुसतेच खाली जाते. हे काम काही शे रुपयांत होते. जिवाशी गाठ असलेले काम वगळून आमच्याकडून एसी सफाईचे १,२०० रुपये घेतले गेले, हे मी विसरू शकत नाही.

छायाचित्रे, जॉबकार्ड आणि बिल जोडून मी वर्कशॉप मॅनेजरला ईमेल केला. त्यात मी तीन गोष्टी लेखी मागितल्या: जुना एसी फिल्टर कोठे आहे, कार्बन कसा तपासला, आणि वॉरंटीची ती अट पुस्तिकेच्या कोणत्या पानावर आहे. फिल्टरचे आणि एसी सफाईचे पैसे “कर्मचाऱ्याकडून राहून गेले” असे म्हणत त्यांनी परत केले. कोटिंगचे पैसे मात्र राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवल्यानंतरच मिळाले. डीकार्बनायझिंग आणि इंजेक्टरच्या ३,३०० रुपयांबाबत, “ग्राहकाने फोनवर संमती दिली होती,” असे म्हणून त्यांनी हात वर केले. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आजतागायत आलेले नाही.

संमतीचा हा मुद्दा कायद्यापुढे फारसा टिकेल असे मला वाटत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(४७) मध्ये अनुचित व्यापारी प्रथेची जी व्याख्या आहे, तिच्यात वस्तूच्या किंवा सेवेच्या गरजेविषयी अथवा उपयुक्ततेविषयी खोटे किंवा दिशाभूल करणारे विधान करणे स्पष्टपणे येते. तक्रार दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे करता येते, आणि मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क भरावे लागत नाही. अडचण पुराव्याची आहे, कारण वॉरंटीचे ते वाक्य फक्त फोनवर बोलले गेले. म्हणून आता जादा कामाचा फोन आला की मी कामाचे नाव, कारण, मोजमाप आणि किंमत व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायला सांगते, बदललेले जुने भाग डिकीत ठेवायला सांगते, आणि उत्तर येईपर्यंत होकार देत नाही. उरलेल्या ३,३०० रुपयांसाठी आयोगाकडे द्यायच्या तक्रारीचे कागद तयार झाले आहेत. मिस्त्रींनीही तळाची आणि पॅडची स्थिती स्वतःच्या लेटरहेडवर सहीनिशी लिहून दिली आहे.