सगळे एका दालनात की गटागटाने खोल्यांत? नवं ऑफिस आखताना

बाणेर किंवा खराडीला आठ-नऊ हजार चौरस फुटांचा मजला भाड्याने घेतलेला असतो, नव्वद माणसं बसवायची असतात आणि डिझायनरने दाखवलेल्या फोटोंत फेसबुक, ॲपल, गूगल असं सगळं असतं. मग मला फोन येतो, "मॅडम, यातलं कुठलं करू?" ऑफिसांची आखणी हेच माझं काम, त्यामुळे उत्तर द्यावंच लागतं. फोटोवरून उजेड कळतो, रंग कळतात. आवाजाचा मात्र पत्ता लागत नाही. आणि निर्णय आवाजावरूनच व्हायला हवा, असं माझं ठाम मत आहे.

आधी फेसबुक, कारण नक्कल त्याचीच सर्वांत जास्त होते. कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्कमधली, वास्तुरचनाकार फ्रँक गेहरी यांनी आखलेली इमारत २०१५ मध्ये वापरात आली. सुमारे ४,३०,००० चौरस फूट, २,८०० लोकांची सोय आणि जवळजवळ सगळं एकाच अखंड दालनात. फॉल्स सीलिंग नाही, वरच्या केबल उघड्या आणि मार्क झुकरबर्ग यांचं टेबलही इतरांच्या रांगेतच. याचे फायदे खरे आहेत. माणशी जागा कमी लागते, टीम वाढली की भिंत पाडावी लागत नाही आणि नुकताच रुजू झालेला मुलगा शेजारच्यांचं बोलणं ऐकून निम्मं काम शिकतो.

पण लोक एकमेकांशी जास्त बोलतील या आशेने कुणी भिंती काढणार असेल, तर त्याने थांबावं. हार्वर्डच्या इथन बर्नस्टीन आणि स्टीफन टर्बन यांनी दोन मोठ्या कंपन्यांत, ऑफिस खुलं करण्याआधी आणि केल्यानंतर, कर्मचाऱ्यांच्या गळ्यात सेन्सर अडकवून मोजमाप केलं. ते २०१८ मध्ये प्रसिद्ध झालं. समोरासमोरचं बोलणं सुमारे ७० टक्क्यांनी घटलं होतं आणि ईमेल वाढले होते. मला यात नवल वाटलं नाही. चाळीस जणांच्या देखत बोलायला माणूस संकोचतो, मग शेजारच्या खुर्चीवरच्यालाही मेसेजच टाकतो. मी आखलेल्या एका खुल्या ऑफिसात सहा महिन्यांनी गेले, तर दुपारी तीन वाजता सगळ्यांच्या कानांवर हेडफोन आणि दोन मुली कॉल घ्यायला जिन्यात उभ्या. ती आखणी माझीच होती आणि त्याचं आजही वाईट वाटतं.

शिवाय मेन्लो पार्कला छतावर ९ एकरांची बाग आहे. डोकं तापलं की माणूस तिथे चालून येतो. आपल्या मजल्यावर चालून यायला पॅन्ट्रीपर्यंतच वाट असते.

दुसरं टोक मायक्रोसॉफ्टचं. १९८६ मध्ये कंपनी अमेरिकेतल्या रेडमंड गावी आली, तेव्हा तिथल्या इमारती इंग्रजी एक्सच्या आकाराच्या होत्या. या आकारात बाहेरची भिंत जास्त मिळते, म्हणून जास्तीत जास्त खोल्यांना खिडकी देता आली. दार लावा, काम करा. पण पुण्या-मुंबईच्या भाड्यात माणशी एक खोली परवडत नाही, तेव्हा हा पर्याय इथेच सोडून देऊ.

राहिले दोन. ॲपल पार्क २०१७ मध्ये उघडलं. आखणी फॉस्टर अँड पार्टनर्सची, १२,००० लोकांसाठी. बाहेरून भलंमोठं कडं, आत पॉड, म्हणजे ठरावीक मापाचे, पुन्हा पुन्हा येणारे विभाग: कुठे बसून काम करायचं, कुठे टीमने एकत्र बसायचं. काचा मात्र इतक्या स्वच्छ की २०१८ च्या सुरुवातीला काही जण त्यांवर आदळून जखमी झाले. तुम्ही काचेचं पार्टिशन करणार असाल, तर नजरेच्या उंचीवर फिल्मची पट्टी लावाच.

गूगलचं माउंटन व्ह्यूमधलं बे व्ह्यू संकुल २०२२ मध्ये सुरू झालं. बीआयजी आणि हेदरविक स्टुडिओ या आखणी करणाऱ्या दोन संस्थांनी तिथे एक सरळ गोष्ट केली: टेबलं वरच्या मजल्यावर, कॅफे आणि बैठकांच्या जागा खाली. गडबड एकीकडे, शांतता दुसरीकडे. यासाठी दोन मजले असावेच लागतात असं नाही. लिफ्टच्या बाजूला पॅन्ट्री, रिसेप्शन, बैठकीच्या खोल्या. आतल्या बाजूला टेबलं. पश्चिमेच्या खिडक्यांना मीटिंग रूम द्या. तिथे टेबलं लावलीत तर दुपारी पडदे ओढून दिवे लावून बसायची वेळ येते.

म्हणून माझा कौल असा: मजल्याची विभागणी गूगलसारखी आणि शांत भागात ॲपलच्या पॉडच्या धर्तीवर सहा ते आठ जणांच्या खोल्या. एक टीम, एक दार. सेल्स किंवा सपोर्टची मंडळी दिवसभर फोनवर असतात, त्यांना खुलं दालन चालेल, पण कोडिंग करणाऱ्यांच्या भिंतीला भिंत लागून नको. फोन बूथ, म्हणजे एकट्याने कॉल घ्यायच्या छोट्या बंद खोल्या, वीस माणसांमागे दोन तरी हवेत.

खर्च वाढतो, हे खरं. प्रत्येक बंद खोलीला एसीची हवा आत येण्याची आणि परत जाण्याची सोय वेगळी लागते, स्प्रिंकलर आणि स्मोक डिटेक्टर वेगळे लागतात. म्हणून खोल्या आधी ठरवा, डक्टिंग (एसीची हवा नेणारे मार्ग) नंतर. उलटं झालं की एक खोली गारठते आणि शेजारची उकडते.

कोटेशन हातात आलं की एक ओळ तपासा: जिप्समचं पार्टिशन कुठपर्यंत जातं? बहुतेकदा ते फॉल्स सीलिंगपाशी थांबवलेलं असतं आणि वरच्या पोकळीतून एचआरच्या खोलीतला शब्दन्‌शब्द शेजारी ऐकू जातो. वरच्या स्लॅबपर्यंत न्यायला सांगा, आत रॉकवूल (आवाज शोषणारा लोकरीसारखा थर) भरून घ्या आणि दाराखालची फट बुजवणारी पट्टी लिहून घ्या. फॉल्स सीलिंग बंद करण्याआधी स्वतः शिडीवर चढून बघा. एकदा ते बंद झालं की पोकळी दिसत नाही.