गोधडी: ऑर्डरवर शिवावी, जत्रेत न्यावी की अ‍ॅपवर टाकावी?

"गोधड्या छान होतात गं माझ्या, पण विकू कुठे?" असं कुणी विचारलं की मी आधी उलटा प्रश्न टाकते: महिन्याला होतात किती? बहुतेकींना आकडा सांगता येत नाही. आणि तो कळल्याशिवाय प्रदर्शन बरं की इन्स्टाग्राम बरं, ही चर्चा हवेतली आहे.

तर आधी टेप आणि घड्याळ घ्या. एका माणसाची गोधडी ६० बाय ९० इंचांची धरू. एकेक इंचावर उभा धावदोरा घातला तर ९० इंचांच्या ६० ओळी होतात, म्हणजे ५,४०० इंच, साधारण १३७ मीटर शिवण. अर्ध्या इंचावर घातला तर दुप्पट. आता तासभर नेहमीसारखं शिवा आणि किती झालं ते मोजा. समजा साडेचार मीटर झालं, तर इंचाच्या टाक्याची गोधडी ३० तासांची. घरचं सगळं आवरून रोज चार तास, महिन्याचे २५ दिवस बसलात तरी हातात पडतात तीन गोधड्या. बाळाचं ३० बाय ४० इंचांचं दुपटं मात्र ३० मीटरभर शिवणीत होतं, म्हणजे सात तासांत.

मशीनवर हीच मोठी गोधडी कापणं, टाचणं धरून दिवसाभरात निघते. पण मशीनची गोधडी ताठ राहते, हाताच्या टाक्याची सुरकुती तिला येत नाही, आणि ज्याला गोधडी कळते तो हात लावताच ओळखतो. म्हणून हे दोन वेगळे धंदे समजा. मधला रस्ताही आहे: कडेची पट्टी मशीनने, आतलं सगळं हाताने. कडेला दुमडलेल्या कापडात सुई ओढताना बोटांचे जे हाल होतात ते वाचतात, आणि पाहणाऱ्याची नजर तशीही मधल्या टाक्यांवर असते.

ऑर्डर की जत्रा

ऑर्डर म्हणजे गिऱ्हाईक आपल्या घरच्या साड्या देतं, आपण शिवून द्यायची. एका गोधडीला साधारण तीन सुती साड्या लागतात. कापडात पैसे अडकत नाहीत, पडून राहणारा माल नाही, निम्मी रक्कम आगाऊ मागायला संकोच वाटत नाही. भावही चांगला मिळतो, कारण आईच्या साडीची गोधडी बाजारात दुसरीकडे मिळतच नाही. बारसं, रुखवत, आणि लेकीच्या बाळंतपणाला परदेशी निघालेले आजी-आजोबा, ही हमखास गिऱ्हाइकं. या शेवटच्यांना बॅगेच्या वजनाची काळजी असते, त्यांना दुपटंच सुचवावं.

जोखीम वेगळी आहे. साडी विरलेली असेल तर पहिल्या धुण्यात फाटते आणि बोल आपल्याला लागतो. साडी घेतानाच उजेडासमोर धरून, दोन्ही हातांनी ताणून गिऱ्हाइकासमोरच सांगायचं की ही वर चालणार नाही, आतल्या थरात घालू. रंग जातो का तेही आधी भिजवून बघायचं. प्रत्येक गठ्ठ्यावर नावाची चिठ्ठी आणि फोनमध्ये फोटो हवाच. मी एकदा एकीच्या साडीचा काठ दुसरीच्या गोधडीला लावला होता. उसवायला दोन दिवस गेले, आणि त्या दोन दिवसांत फोन वाजला की पोटात गोळा यायचा. एक ताई मात्र आठवणीत राहिल्या. सासूबाईंच्या लुगड्याला ठिगळ होतं, ते मी खालच्या बाजूला घेणार होते. त्या म्हणाल्या, "ते वरच ठेवा, त्यांनी स्वतः लावलंय."

आता जत्रा. पुण्यात डिसेंबरात भीमथडी जत्रा असते, मुंबईत बचत गटांचं महालक्ष्मी सरस असतं, शिवाय गावोगावची छोटी प्रदर्शनं. तिथली गर्दी आणि विक्री ऐकून जीव भुलतो. जरा हिशेब मांडू. खासगी प्रदर्शनात चार दिवसांचं भाडं १२,००० आणि जाणं-येणं, राहणं, जेवण ६,००० धरलं तर १८,००० झाले. कापड, दोरा, धुलाई आणि स्वतःची मजुरी वजा जाता एका गोधडीमागे ६०० रुपये उरत असतील, तर नुसता खर्च भरून यायला ३० गोधड्या विकाव्या लागतात. हाताच्या ३० गोधड्या म्हणजे ९०० तास. वरच्या वेगाने एकट्या बाईचं नऊ महिन्यांचं काम! तेही जागा चांगली मिळाली तर. मला एकदा जनरेटरला लागून कोपरा मिळाला होता. लोक नाकाला पदर लावून पुढे जायचे.

मग जत्रेत जायचंच नाही का? चार-पाच जणी असाल आणि एखादं मशीन असेल तर जरूर जा. टेबलावर दुपटी, पिशव्या, उशांचे अभ्रे ठेवा आणि हाताची एकच देखणी गोधडी मागे टांगा. ती तिथे विकायला नसून ऑर्डरी आणायला आहे. शेजारी वही ठेवा. बचत गटात असाल तर 'उमेद'च्या, म्हणजे राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या, तालुका कार्यालयात सरसची चौकशी करा. केंद्राच्या हस्तशिल्प आयुक्तालयाचं 'पहचान' ओळखपत्र काढलंत तर त्यांच्या मेळ्यांसाठी अर्ज करता येतो. तिथे भाड्याचा बोजा हलका झाला की वरचं गणित पार बदलतं.

अ‍ॅपवरच्या बाजारपेठा

इथे माझं मत सरळ आहे: हाताच्या गोधडीला ही जागा नाही. तिथे सारखा माल लागतो, तोच रंग, तेच माप, हवा तेव्हा. जुन्या साड्यांच्या दोन गोधड्या कधीच सारख्या होत नाहीत आणि "फोटोत वेगळी होती" म्हणून परत येतात. नव्या सुती कापडाची, ठरलेल्या मापाची, मशीनची दुपटी करत असाल तर मात्र विचार करा.

पाठवणीही आधी समजून घ्या, कारण इन्स्टाग्रामवरून ऑर्डर घेणारीलाही ती चुकत नाही. बरेच कुरिअरवाले खरं वजन आणि आकारमानाचं वजन यांतलं जे जास्त त्याचे पैसे लावतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि ५,००० ने भागायचं. सैल घडीचं ४५ बाय ३५ बाय १५ चं पार्सल पावणेपाच किलोचं ठरतं, आतली गोधडी दोन किलोचीही नसली तरी. तीच हवा काढून, दोरीने आवळून ४० बाय ३० बाय ८ मध्ये बसवली तर दोन किलोच्या आत येते.

करांचं थोडक्यात. राज्यातल्या राज्यात माल विकणाऱ्याला वर्षाला ४० लाखांपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही. अ‍ॅपवर विकायचं तर १ ऑक्टोबर २०२३ पासून लहान विक्रेत्याला जीएसटी नोंदणीशिवाय, फक्त एक नावनोंदणी क्रमांक घेऊन, आपल्या राज्यात विकता येतं. परराज्यात पाठवताना हस्तकलेच्या ठरावीक वस्तूंना सवलत आहे. आपली वस्तू त्यात बसते का हे सीएला विचारूनच ठरवा. नोंदणी असेल तर २२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या सुती गोधडीला ५ टक्के आणि त्यावरच्या गोधडीला १८ टक्के कर आहे, तेव्हा किंमत लिहिताना तो आकडा डोळ्यांसमोर असू द्या.

दुकानात ठेवायला देणं हा चौथा मार्ग. दुकानदार आपला वाटा घेतो, पैसे विकल्यावर देतो, आणि गोधडी महिनोन्‌महिने काचेत उन्हाने फिकी पडते. एखादी नमुन्याला ठेवावी, बस.

मी काय निवडेन

एकटी आणि हाताने शिवणारी असाल तर फक्त ऑर्डरी घ्या, आणि गिऱ्हाईक व्हॉट्सअ‍ॅप-इन्स्टाग्रामवरून येऊ द्या. फोटोखाली किंमत, माप आणि "सहा आठवडे लागतील" हे लिहूनच टाका. नाहीतर "किंमत काय?" या एका प्रश्नाची उत्तरं देण्यात रोजचा तास जातो, म्हणजे साडेचार मीटर टाका गेला. हाताशी बायका असतील तर मशीनचा लहान माल जत्रेला, हाताचा ऑर्डरीला.

पण बायका जोडताना एक अडचण येते. प्रत्येकीचा टाका वेगळा, आणि एकाच गोधडीवर तिघी बसल्या की तो लगेच दिसतो. आम्ही आता खडूने रेघा आखून देतो, एक नमुन्याचा तुकडा भिंतीला टाचलाय, आणि एक गोधडी एकीचीच. मजुरी ओळींवर ठेवली होती तेव्हा टाके लांब व्हायला लागले, म्हणून ती पूर्ण गोधडीवर केली. साड्या मात्र सगळ्यांच्या मिळून एकाच दिवशी धुतो आणि कापतो, आणि तो दिवस पावसाळ्याआधीच उरकतो. श्रावणात ओल्या साड्यांनी भरलेलं घर मी एकदा पाहिलंय.